चढाई दिसते, पलटण दिसत नाही

१ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकला. पलटणचं हे पहिलं विजेतेपद. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला त्यांचा कप्तान अस्लम इनामदार. आता एक गंमत बघा. त्या हंगामात चढाईत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या पहिल्या पाच जणांत अस्लमचं नाव नव्हतं. तिथे आशू मलिक होता, अर्जुन देशवाल होता, पवन सेहरावत होता. अंतिम सामन्यात निर्णायक ठरलेली चार गुणांची चढाईसुद्धा अस्लमची नव्हती, ती पंकज मोहितेची होती.

म्हणजे ज्या आकड्यावरून आपण चढाईपटूची किंमत ठरवतो, त्या आकड्यात मागे असलेला माणूस अख्ख्या लीगमध्ये सर्वोत्तम ठरला, आणि त्याचा संघ गुणतक्त्यात पहिला येऊन विजेताही झाला. हे कोडं सोडवायला गेलं की कबड्डीबद्दल थोडं कळतं. आपण कबड्डी बघतो कशी, याबद्दल जास्त कळतं. माझी तक्रार त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

आपल्यापैकी बहुतेक जण आता कबड्डी फोनवर बघतात, आणि पूर्ण सामना क्वचितच. आपल्यापर्यंत येतो तो वीस-तीस सेकंदांचा तुकडा: एक जण आत गेला, चौघांना घेऊन मध्यरेषेवर पडला, मागे ढोल, वर आगीची इमोजी. चढाई तीसच सेकंदांची असते, त्यामुळे ती रीलच्या मापात अगदी बरोबर बसते. क्रिकेटचा षटकारही असाच बसतो. पण षटकाराचे सहा गुण षटकारातच संपतात. कबड्डीतला गुण तिथे संपत नाही, कारण त्याच्यासोबत माणूस बाहेर जातो किंवा आत येतो.

कबड्डीचं सगळं यंत्र या एका नियमावर चालतं. चढाईपटू पकडला गेला की तो बाकावर बसतो, आणि त्याच्या संघातला दुसरा कोणी गडी मारेपर्यंत किंवा बचावफळी पकड करेपर्यंत उठू शकत नाही. बोनसनं गुण मिळतो, माणूस परत येत नाही. म्हणून तुमचा मुख्य चढाईपटू कितीही भारी असला, तरी तो बाहेर बसलेला असताना तुम्ही काय करता यावर सामना ठरतो. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला ‘सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर’ म्हणतो: एकच सर्व्हर, तो पडला की सगळी सिस्टीम पडली. समोरच्या संघाचे कोपरारक्षक नेमकं हेच शोधत असतात. या एकाला बसवला की सामना आपला.

दहाव्या हंगामातल्या पलटणला असं बसवता येत नव्हतं. अस्लमला पकडलं की मोहित गोयत यायचा, मोहितला पकडलं की पंकज मोहिते किंवा आकाश शिंदे. त्यात अस्लम आणि मोहित दोघेही पकडीत उतरणारे. गुण चार-पाच जणांत वाटले जायचे, म्हणून एकट्या कोणाचा आकडा फुगत नव्हता. अस्लम पहिल्या पाचांत नसणं हे पलटणच्या खेळाचं थेट फळ होतं.

हा संघ एका लिलावात जमलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये आठवा हंगाम सुरू झाला तेव्हा पलटणकडे राहुल चौधरी आणि नितीन तोमर ही दोन मोठी नावं होती. करोनामुळे सगळे सामने बंगळुरूच्या एकाच हॉटेलात, प्रेक्षकांविना होत होते. पलटणची सुरुवात वाईट झाली. तेव्हा प्रशिक्षक होता अनुप कुमार, ज्याच्या कप्तानीखाली यू मुम्बा २०१५ मध्ये विजेता झाला होता. त्यानं मोठी नावं बाकावर बसवली आणि दोन नव्या पोरांच्या हाती चढाई दिली. एक अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम, दुसरा हरियाणाचा मोहित. पलटण बाद फेरीत पोहोचली, तिथे हरली. मोहित त्या हंगामातला सर्वोत्तम नवा तरुण खेळाडू ठरला.

पुढच्या वर्षी बी. सी. रमेश प्रशिक्षक झाले आणि पलटण अंतिम सामन्यापर्यंत गेली. १७ डिसेंबर २०२२ ला जयपूरनं त्यांना ३३-२९ असं हरवलं. अस्लम आणि मोहित दोघेही त्या सामन्यात जायबंदी होते. तरी अंतर चारच गुणांचं राहिलं, कारण मागे रांग उभी होती. २०२३ मध्ये अस्लम आणि आकाश भारतीय संघातून हांगझोच्या आशियाई स्पर्धेचं सुवर्ण घेऊन आले, आणि २०२४ मध्ये करंडक आला. पहिल्या संधीपासून करंडकापर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ, दोन प्रशिक्षक, एक हरलेला अंतिम सामना. याची रील बनत नाही.

उलट बाजूची उदाहरणं भरपूर आहेत. पवन सेहरावतला तेलुगु टायटन्सनं दहाव्या हंगामासाठी २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलं. लीगच्या इतिहासातली ती तेव्हाची सर्वात मोठी बोली. पवन चांगला खेळला, आणि टायटन्स बारा संघांत शेवटचे आले. त्याआधीच्या वर्षी तमिळ थलायवाजनं त्यालाच २ कोटी २६ लाखांना घेतलं होतं. पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला आणि हंगाम संपला. गंमत म्हणजे थलायवाज त्याच्याविना उपांत्य फेरीत गेले, कारण नरेंदर आणि आपला अजिंक्य पवार यांना खेळावंच लागलं.

यू मुम्बाचं तर मला वाईटच वाटतं. २०१८ मध्ये त्यांनी चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांना घेतलं आणि त्यानं पहिल्याच हंगामात चढाईत २१८ गुण केले. पुढच्या लिलावात तो १ कोटी ४५ लाखांना टायटन्सकडे गेला. २०१९ मध्ये मुम्बाकडे अर्जुन देशवाल नावाचा नवा मुलगा होता. तोही गेला, जयपूरकडे, आणि २०२२ चा करंडक जयपूरला त्याच्याच चढायांनी मिळवून दिला. माणसं ओळखायची नजर मुंबईकडे होती. ती सांभाळून वाढवायचं काम दुसरीकडे झालं.

माझ्या टीममधले अमेरिकेतले सहकारी सोमवारच्या कॉलवर त्यांच्या फुटबॉलबद्दल बोलतात, आणि त्यातलं नव्वद टक्के बोलणं क्वार्टरबॅकबद्दल असतं. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे जाणार हे ठरवणारा माणूस, संघाचा मेंदू. तो कसा घडवायचा, यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चालतो. ग्रीन बे पॅकर्स या संघानं २००५ मध्ये आरन रॉजर्सला निवडलं आणि ब्रेट फार्वच्या मागे तीन हंगाम बसवून ठेवलं. २०२० मध्ये जॉर्डन लव्हला निवडलं आणि त्याच रॉजर्सच्या मागे पुन्हा तीन हंगाम बसवलं. चाहते चिडले, रॉजर्सही खूश नव्हता. पण तिथला चाहता निदान हा प्रश्न विचारतो की पोरगा तयार आहे का, त्याला आता उतरवला तर मोडेल का. आपल्याकडे लिलावाच्या दिवशी एकच प्रश्न असतो: किती कोटी?

यावर कोणी म्हणेल की पलटणनंही पैसे टाकलेच होते. बरोबर आहे. इराणचा मोहम्मदरेझा शादलुई २ कोटी ३५ लाखांना आला होता आणि त्या हंगामातला सर्वोत्तम बचावपटू तोच. विजेतेपदानंतर पलटणनं त्याला सोडलं. तो हरियाणाकडे गेला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा विजेता झाला, तेही पुण्यात, बालेवाडीत. घरच्या मैदानावरच्या त्या अंतिम सामन्यात पलटण नव्हती. अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली होती आणि संघ बाद फेरीतही पोहोचला नव्हता. म्हणजे रांग लावूनही माणूस पडतो, संघ पडतो. संयम म्हणजे विम्याची पॉलिसी नाही.

पण पडल्यावर काय केलं ते बघा. संघ विस्कटला नाही, अस्लम कप्तान राहिला, आणि २०२५ मध्ये अजय ठाकूरच्या हाताखाली पलटण पुन्हा अंतिम सामन्यात होती. ३१ ऑक्टोबरला दबंग दिल्लीनं त्यांना ३१-२८ असं हरवलं. बाद फेरीत चढाईचा मोठा भार उचलला आदित्य शिंदेनं, आणि तो २०२२ पासून याच संघात होता. चार हंगामांत तीन अंतिम सामने, त्यातला एकच जिंकलेला. रीलवाल्यांच्या हिशोबात हे ‘दोनदा चोक झाले’ असं आहे. माझ्या हिशोबात हे वर्षानुवर्षं सलग केलेलं काम आहे.

या आंधळेपणाला लीगही हातभार लावते. प्रक्षेपणात नव्या खेळाडूची ओळख येते ती बहुतेकदा त्याच्या गरिबीतून. पत्र्याचं घर, आईचे हात, डोळ्यांत पाणी. गोष्ट खरी असते, पण तो उजव्या कोपऱ्यावर का जातो, बोनस घेताना मागचा पाय कुठे ठेवतो, हे कोणी सांगत नाही. त्याच्या कौशल्यापेक्षा त्याचं दुःख जास्त वेळ पडद्यावर राहतं. शिवाय चाहत्यानं निष्ठा ठेवायची तरी कुठे? २०२५ चा बारावा हंगाम विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत झाला. महाराष्ट्राचे दोन संघ, आणि महाराष्ट्रात एकही सामना नाही. घरचं मैदान काढून घेतलं की चाहता संघाकडून खेळाडूकडे सरकतो, आणि खेळाडूकडून त्याच्या क्लिपकडे. मुलींचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये तीन संघांचं विमेन्स कबड्डी चॅलेंज झालं, एक उन्हाळा, आणि संपलं. आपण लहानपणी शाळेच्या मातीत जे खेळलो, त्याची पुढची पायरीच बांधली गेली नाही.

आता हे सगळं मी रत्नागिरीत बसून का लिहिते आहे? कारण इथे कबड्डी अजून जिवंत आहे. भात कापून झालं, शेतं मोकळी झाली की गावोगावी स्पर्धा सुरू होतात. शिमग्यापर्यंत रात्री दिव्यांच्या माळांखाली सामने चालतात. हल्ली त्यांचं यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होतं आणि मुंबईतले चाकरमानी लोकलमध्ये उभ्यानं आपल्या वाडीचा संघ बघतात. हा चाहता वेगळा आहे. तो पूर्ण सामना बघतो, कारण सातही जण त्याच्या ओळखीचे असतात. लिलावाच्या दिवशी मी आमच्या वाडीतल्या काकांना बोली सांगायला गेले, तर म्हणाले, “अगो, तो कितीला गेला ते नको सांगू. त्याच्या मागं कोण आहे ते सांग.” काका तरुणपणी गिरणगावात एका मंडळाकडून कोपऱ्याला खेळले. त्यांच्या बघण्यात पंकज मोहितेची चार गुणांची चढाई येते, आणि त्याला ती करता यावी म्हणून आधी कोणी पकड करून कोणाला परत आणलं, तेही येतं.

पण त्याच मैदानाच्या कडेला चौदा-पंधरा वर्षांची पोरं असतात, आणि ती फोनवर शिकतात. डुबकी मारतात, चौघांच्या डोक्यावरून उडी मारू बघतात. पकडीचा सराव करायला कोणी तयार नसतं, साखळीत हात धरायला तर नाहीच, कारण त्याचा व्हिडिओ होत नाही. अस्लम कप्तान झाला तो पकडीत उतरत होता म्हणूनही, हे त्या पोरांना कोण सांगणार? जी लीग फक्त चढाई दाखवते, ती पुढच्या दहा वर्षांचे खेळाडू अर्धेच घडवते. आणि जो चाहता फक्त चढाई बघतो, तो तिला तेच दाखवायला सांगत असतो. प्रत्येक लाइक ही एक छोटीशी बोलीच असते.

म्हणून पुढचा हंगाम लागला की एक करून बघा. एखादा सामना चाळीस मिनिटं पूर्ण बघा, आणि मुख्य चढाईपटू बाहेर बसला की चॅनल बदलू नका. तेव्हाच खरा संघ दिसतो. बाकावर बसलेला माणूस कोणाकडे बघतोय ते बघा. तो ज्याच्याकडे बघतोय, तो पोरगा बहुतेक दोन वर्षांनी तुमच्या रीलमध्ये येईल.