दलित स्त्रियांची आत्मकथने : आठवण कुणाची?

दलित स्त्रीच्या मराठी लेखनाचा ज्ञात आरंभ पुण्यात होतो. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. पेशवाईत तालीमखान्यावरून जाणाऱ्यांची काय गत होई, डोक्यावर छप्पर नसताना बायका कशा बाळंत होत, हे त्या लहान वयाच्या मुलीने लिहिले. आठवण वस्तीची होती, धिटाई तिची स्वतःची.

त्यानंतर या लेखनाला बहर यायला सव्वाशे वर्षे लागली. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ मध्ये आले. पाठोपाठ मुक्ता सर्वगोड, बेबी कांबळे, शांताबाई कांबळे यांची आत्मकथने आली.

त्यांत बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ वेगळे उभे राहते. फलटणला दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून लपवून त्यांनी ते लिहिले. पुण्याच्या ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः छापले गेले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. वीरगावच्या महारवाड्यातली उपासमार, मरीआईचे उत्सव, सासुरवाशिणींचा छळ आणि आंबेडकरी चळवळीने बदललेली माणसे त्यात आहेत. लेखिका मात्र फारशी दिसत नाही. नवऱ्याच्या मारहाणीविषयी त्या बोलल्या त्या पुढे, इंग्रजी अनुवादासाठी माया पंडित यांनी घेतलेल्या मुलाखतीत. पुस्तकातले हे मौन म्हणजे कथनाची उणीव नव्हे. सगळ्या जणींच्या वाट्याला आलेले दुःख आपले म्हणून वेगळे काढायचे नाही, ही त्यामागची भूमिका आहे.

शांताबाई कांबळे यांच्या ‘माज्या जल्माची चित्तरकथा’मध्ये घर अधिक जवळून दिसते. नवऱ्याने दुसरी बायको केल्यावर वेगळी वाट धरणारी शिक्षिका तिथे स्वतःच्या बोलीत बोलते. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) हा ‘मी’ पुरता मोकळा होतो. कोकणात बांबूची आयदाने विणणारी आई, मुंबईतली नोकरी, संसारातले ताण, मुलाचा मृत्यू आणि स्त्री-चळवळीत जाणवलेले जातीचे अंतर, सारे एकाच विणीत येते. जनाबाई गिऱ्हे यांच्या ‘मरणकळा’ने भटक्या समाजातील बाईचे जगणे पुढे आणले, त्या पुस्तकाची चर्चा व्हायला हवी तेवढी झाली नाही.

१९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीवरून नाव घेतले, पण त्या पर्वाचा गाजलेला आवाज मुख्यतः पुरुषांचा राहिला. कृष्णवर्णीय स्त्रीवादाशी वैचारिक नाते जोडले ते पुणे विद्यापीठातल्या शर्मिला रेगे यांनी. २००६ मधील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्यांनी या आत्मकथनांना ‘साक्ष’ मानून वाचले. त्या वाचनाने पुस्तकांना अभ्यासक्रमांत जागा मिळवून दिली. तरीही मराठी समीक्षा त्यांच्याकडे अजून मुख्यतः दुःखाचा पुरावा म्हणूनच पाहते. बेबीताईंच्या निवेदनातला उपहास, शांताबाईंची छोटी, तुटक वाक्ये, उर्मिलाताईंची काळाच्या मागेपुढे जाणारी रचना यांवर सविस्तर लेखन फार थोडे आहे. लेखिका म्हणून त्यांचे हे देणे समीक्षेकडे थकलेले आहे.