अर्ध्यावर सोडलेले औषध

२००३ साली अमेरिकेने मुख्यत्वे आफ्रिकेतील एड्सग्रस्तांसाठी ‘पेप्फार’ योजना सुरू केली. तिने २ कोटी ५० लाख जीव वाचवले, असे अमेरिकन सरकार सांगते. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु २० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदत ९० दिवस थांबवण्याचा हुकूम निघाला. औषधांना पुढे सूट मिळाली, तरी मध्यंतरी कित्येक दवाखान्यांना कुलूप लागले. या रोगाची गोळी रोज घ्यावी लागते. खंड पडला की विषाणू पुन्हा वाढतो.

वाचकहो, धोरण बदलण्याचा हक्क अमेरिकेला आहे. पण आम्ही परिचारिका ड्यूटी संपली तरी रुग्ण दुसरीच्या हाती सोपवल्याशिवाय वॉर्ड सोडत नसू. एवढी रीत महासत्तेने पाळू नये?