पीटर ब्राउन यांची संतपूजा-मीमांसा आणि खानदेशातील मुक्ताई

रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळातील ख्रिस्ती धर्माचे अभ्यासक म्हणून पीटर ब्राउन (जन्म १९३५, डब्लिन) यांचे स्थान निर्विवाद आहे. ऑगस्टिनच्या चरित्राने (१९६७) त्यांना कीर्ती मिळाली. परंतु मराठी अभ्यासकाला अधिक उपयोगी पडावा असा त्यांचा ग्रंथ म्हणजे 'द कल्ट ऑफ द सेंट्स' (१९८१). सुशिक्षितांचा शुद्ध धर्म आणि अडाणी समूहाची अंधश्रद्धा ही डेव्हिड ह्यूमपासून चालत आलेली दुपदरी मांडणी ब्राउन नाकारतात. हुतात्म्यांच्या थडग्यांची पूजा खालून वर झिरपलेली नसून बिशपांनीच तिला जाणीवपूर्वक आकार दिला, असे ते दाखवितात. इ. स. ३८६ मध्ये मिलानचा बिशप अँब्रोज याने गर्वासियस व प्रोतासियस यांचे अवशेष उकरून आपल्या नव्या चर्चमध्ये आणले. मृतांना नगराबाहेर ठेवणाऱ्या रोमन संस्कृतीत हे धाडसच होते. धनिक घराण्यांच्या खाजगी कबरींत अडकू पाहणारे पावित्र्य त्यामुळे सार्वजनिक झाले. अर्थात ते बिशपाच्या ताब्यातही आले.

वारकऱ्यांची भक्ती तेवढी 'शुद्ध' आणि समाधीपूजा मात्र 'लौकिक', अशी विभागणी करणाऱ्या समीक्षेला हे प्रतिपादन चांगला उतारा ठरते. तथापि ब्राउन यांची चौकट जशीच्या तशी उचलता येत नाही. त्यांच्या विवेचनात पावित्र्याचा आधार अस्थी हा आहे. संत थडग्यात प्रत्यक्ष उपस्थित असतो. तापीकाठच्या मेहूण येथे मुक्ताबाई शके १२१९ मध्ये विजेच्या कडकडाटात गुप्त झाल्या, अशी परंपरा आहे. म्हणजे येथे देहच नाही. तरीही आषाढीसाठी मुक्ताईनगरहून पंढरपूरला पालखी निघते आणि तीत पादुका असतात. त्याच एकादशीला जळगावलगतच्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. अवशेषांवर मालकी सांगता येते, त्यांचे तुकडे वाटता येतात; अंतर्धान पावलेल्या देहाचे तसे काही करता येत नाही. (मानपानाचे प्रश्न दिंड्यांतही असतात, पण ते चालण्याच्या क्रमाचे!)

दुसरी अडचण साधनांची आहे. ब्राउन यांचा पुरावा मुख्यतः अँब्रोज, ऑगस्टिन, नोलाचा पॉलिनस अशा धर्माधिकाऱ्यांच्या लेखनातून येतो. म्हणून संत हा आश्रयदाता आणि भक्त हा आश्रित, हे रोमन समाजातील नाते त्यांच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी राहते. मुक्ताबाई ही तर भावंडांतील धाकटी; वयोवृद्ध योगी चांगदेवाने तिला गुरू मानले आणि लोकांनी तिला आई केले. या नात्याला 'आश्रय' हा शब्द पुरत नाही.