भिशी आणि हिरवळ

चांग-रे ली यांच्या 'नेटिव्ह स्पीकर' (१९९५) या कादंबरीबद्दल बोलताना बहुतेक जण भाषा आणि अस्मिता या दोन शब्दांपाशी थांबतात. नायक हेन्री पार्क कोरियन-अमेरिकन आहे आणि स्थलांतरितांवरच हेरगिरी करतो, त्यामुळे ते साहजिकच. मला मात्र ही पत्त्यांची कादंबरी वाटते. कोण कुठे राहतं, कोणापासून किती लांब राहतं, यावर तिच्यात फार काही ठरतं.

हेन्रीचे वडील कोरियात इंजिनिअरिंग शिकलेले, न्यूयॉर्कमध्ये भाजीची दुकानं चालवतात. हे वाचताना माझ्यातला इंजिनिअर जरा चरकलाच. दुकानासाठी भांडवल मिळतं ते 'ग्ये'मधून. ग्ये म्हणजे आपली भिशी: सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची आणि आळीपाळीने एकेकाने उचलायची. कागदपत्रं, तारण काही नाही, फक्त ओळख. धंदा वाढतो, मग पार्क कुटुंब वेस्टचेस्टरमधल्या आर्ड्सली या उपनगरात मोठं घर घेतं. भिशीतले बाकीचेही असेच पांगतात. प्रत्येकाला अंगण मिळतं आणि गप्पांची बैठक मोडते. भांडण कुणाचंच होत नाही. भिशीनेच दिलेल्या पैशातून भिशी संपते, हे ली फार शांतपणे दाखवतात.

त्या उपनगरात पुढे जे घडतं ते भीषण आहे. आई गेल्यावर घर सांभाळायला कोरियाहून बाई येते. ती वर्षानुवर्षं तिथे राबते, पण हेन्रीला तिचं नावही माहीत नसतं. त्याचा लहान मुलगा वाढदिवशी, खेळताना मुलांच्या ढिगाखाली गुदमरून मरतो. ज्याच्यासाठी हिरवळ घेतली, त्याच्याच जिवावर ती उठते.

दुसरीकडे क्वीन्समध्ये जॉन क्वांग हा पुढारी हीच भिशी मोठ्या प्रमाणावर चालवतो, फक्त कोरियन लोकांपुरती न ठेवता. तिच्या सभासदांची यादी हेन्रीमार्फत बाहेर जाते आणि कागदपत्रं नसलेले लोक पकडले जातात. दिवसभर डेटाबेससमोर बसणाऱ्या मला हा भाग सगळ्यात जास्त लागला. ओळखीवर चालणारी गोष्ट यादीत उतरली की ती कुणाच्याही हाती पडू शकते.

माझी तक्रार इथेच सुरू होते. ली यांच्या जगात माणसांची वर्दळ शहरात आणि एकटेपणा उपनगरात, अशी वाटणी पक्की आहे. प्रत्यक्षात काय झालं? कोरियन कुटुंबं चांगल्या शाळांसाठी जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून न्यू जर्सीत फोर्ट ली, पॅलिसेड्स पार्कला गेली, आणि गेली ती एकमेकांच्या मागोमाग. २०१० च्या जनगणनेत पॅलिसेड्स पार्कमध्ये निम्म्याहून जास्त लोक कोरियन वंशाचे होते. व्हर्जिनियातल्या अ‍ॅनन्डेलमध्येही कोरियन पाट्यांची दुकानं रांगेने उभी राहिली. १९८२ साली क्वीन्समधल्या एका दुकानापासून सुरू झालेलं 'एच मार्ट' आज भल्यामोठ्या पार्किंगसह उपनगरांत दिसतं. म्हणजे उपनगरातही वस्ती जमते.

तरी ली चुकले असं मी म्हणणार नाही. आर्ड्सलीसारख्या गोऱ्या उपनगरात आधी पोचलेल्या पिढीने जी किंमत मोजली, ती जनगणनेच्या आकड्यांत सापडत नाही. त्या बिननावाच्या बाईला जवळपास एखादं एच मार्ट असतं, तर निदान तिथे कुणीतरी तिला नाव विचारलं असतं.