फळा, फ्लेक्स आणि फॉरवर्ड

लायबेरियातल्या मन्रोव्हियात अल्फ्रेड सिरलीफ नावाच्या गृहस्थाने २००० साली रस्त्याकडेला काळा फळा उभारला आणि खडूने रोजच्या बातम्या लिहायला घेतल्या. नाव ‘डेली टॉक’. वाचता न येणाऱ्यांसाठी तो वस्तू टांगायचा. निळे शिरस्त्राण दिसले की बातमी शांतिसैनिकांची. चार्ल्स टेलरच्या राजवटीने फळा मोडला, त्याला कोठडीतही टाकले. जगाने या फळ्याचे कौतुक केले ते रास्तच. कल्याणजवळच्या मोहन्याच्या जुन्या कामगाराला मात्र त्यात फारसे नवल वाटायचे नाही.

मोहने-आंबिवली-शहाड हा रेयॉनचा पट्टा. मोहन्यात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे एनआरसी, शहाडला सेंच्युरी रेयॉन. अशा वस्तीत बातमी पाळी सुटताना फुटायची. गेटवरची नोटीस, युनियनचे पत्रक, गेटसभा, आणि नाक्यावरचा वार्ताफलक. कुणी गेले, पाणी कधी येणार नाही, मोर्चा किती वाजता, सगळे त्या फळ्यावर. जागा तोकडी, म्हणून काटछाट आपोआप व्हायची. मथळा रंगीत खडूने, मजकूर पांढऱ्याने. आजचे लिहायचे तर कालचे पुसावे लागे. लिहिणारा सगळ्यांच्या ओळखीचा. चुकला तर संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याला जाब द्यावा लागे. अर्थात फळा कुणाच्या तरी मालकीचा असे, पक्षाच्या शाखेचा नाहीतर मंडळाचा. विरोधकाची बातमी त्यावर चढत नसे, आणि खडू बाईच्या हाती क्वचितच येई.

मग फ्लेक्स आला. चेहरे मोठे झाले, मजकूर वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता उरला. कला म्हणून पाहिले तर ही सरळ घसरण आहे.

आणि बातमी मोबाइलवर, फॉरवर्डमध्ये गेली. २००९ मध्ये एनआरसी बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला. अशा प्रकरणात तारखेला फार किंमत असते. फॉरवर्डमध्ये नेमकी तीच नसते. ‘उद्या सुनावणी आहे’, पण कुठला उद्या? मूळ कुणी लिहिले तेही कळत नाही, मग जाब विचारायचा कुणाला?

वाचनाची परंपरा म्हणाल तर ती इथे भक्कम आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदानप्रदानाचा सोहळा रुजवला. २०१७ मध्ये साहित्य संमेलनही तिथेच भरले. वाचक आहेत, तेही लोकलमध्ये उभ्याने वाचणारे.

उणीव आहे ती प्रकाशनाची. नायजेरियातल्या ओनित्शाच्या बाजारात १९४० च्या दशकाअखेरीपासून विद्यार्थी, मास्तर, व्यापारी स्वस्त पुस्तिका लिहीत. प्रेमाचे सल्ले, नाटुकली, पत्रलेखनाचे नमुने. छापखाना शेजारीच. भाषा अडखळती, छपाईच्या चुका ढीगभर, तरी यादवी युद्धात बाजार उद्ध्वस्त होईपर्यंत त्या धडाक्यात खपल्या. आपल्याकडे पुस्तक निघायचे ते मुंबई-पुण्यातून. मुंबईच्या गिरणगावाला कवी नारायण सुर्वे मिळाले, जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे नाटक मिळाले. रेयॉनच्या वस्तीतून त्या तोडीचे काही पुढे आलेले दिसत नाही. छपाईची यंत्रे कल्याणात कमी नाहीत. त्यांवर लग्नपत्रिका निघतात, नगरसेवकांचे कार्यअहवाल गुळगुळीत कागदावर निघतात. एनआरसीतल्या एखाद्या निवृत्त फिटरने सोळा पानांत आपली पाळी लिहिली, तर तीही त्याच यंत्रावर, त्याहून कमी खर्चात निघेल.