कागदी चलनाच्या वर्गीकरणांतील अतिव्याप्ति

हैदराबादच्या उस्मानिया शिक्क्याच्या नोटा, काठेवाडी संस्थानांचीं कूपनें आणि सावकारी हुंड्या ‘संस्थानी कागदी चलन’ या एकाच सदरांत घालण्याचा प्रघात संग्राहकांच्या याद्यांत दिसतो. हें लक्षण आम्हांस अतिव्याप्त वाटतें.

हैदराबादची नोट १९१८ च्या कायद्यानें निघाली. तिच्यावर रुपये देण्याचें सरकारी वचन होतें, आणि परभणी जिल्हा निजामी राज्यांत असतांना ती येथें चालत असे. तिचा रुपया मात्र हाली. सुमारें ७ हाली म्हणजे ६ कलदार. तेव्हां यादींत नुसता ‘रुपया’ लिहिणें पुरेसें नाहीं. तिच्यावरील फसली सनाचाहि इसवी सन नीट काढावा. फसली वर्ष ऑक्टोबरांत पालटत असल्यानें ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात.

कूपनाची गोष्ट वेगळी. दुसऱ्या महायुद्धांत खुर्दा मिळेनासा झाला, म्हणून केलेली ती तात्पुरती सोय होती. हुंडी तर चलनच नव्हे. ती एका पेढीनें दुसरीस केलेली आज्ञा. दर्शनी असो वा मुदती, रक्कम चुकती झाली कीं तिचें काम संपलें.

म्हणून काढणारा कोण, वचन काय आणि कागद कोठें सांपडला, या तीन प्रश्नांवर वर्ग पाडावे. तिसरा प्रश्न आम्ही मुद्दाम घालतों. दप्तरांतून हुंडी सुटी काढून विकली, कीं शेजारच्या खतावणीशीं तिचा संबंध तुटतो; संग्रहांत एक कागद वाढतो, पण जिल्ह्याच्या इतिहासांतला एक पुरावा कायमचा नाहींसा होतो.