बाँगो आणि मृदंग

संगीतावर लिहिण्याचा माझा अधिकार कोणता, असे कुणी विचारले तर मी गप्प बसेन. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला, खेड्यातला मास्तर. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून संपादक दिवाळीच्या सुमारास पत्र धाडतात, एवढेच. पेटीवर सरगम वाजवता येते, तीही सावकाश. पण यंदाच्या गणपतीत आमच्या अलोऱ्यात एक प्रसंग घडला आणि त्यापायी ‘अलबेला’ची गाणी मला पुन्हा नीट ऐकावी लागली.

प्रसंग साधाच. वाडीतल्या पोरांनी जाखडीसाठी मृदंगाशेजारी बाँगो आणून ठेवला. मी मास्तर, त्यातून गावचा ‘लेखक’. मी ताडकन म्हटले, “हे चालायचे नाही. बाल्या नाच म्हणजे हॉटेलातला तमाशा नव्हे.” पोरांनी मुकाट्याने बाँगो उचलला. वाजवणारा माझाच जुना विद्यार्थी. जाताना तो एवढेच म्हणाला, “गुरुजी, गॅदरिंगला भगवानदादांचं गाणं तुम्हीच बसवलं होतं ना?” त्या रात्री तो नाचात आला नाही.

त्याचे म्हणणे खरे होते. ‘शोला जो भडके’ मीच बसवले होते, आणि त्या गाण्याचा अर्धा जीव बाँगोत आहे.

‘अलबेला’ 1951 सालचा. दिग्दर्शक आणि नायक भगवानदादा, नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचे. हे रामचंद्र नरहर चितळकर मूळ पुणतांब्याचे, 1918 चा जन्म, विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या मदतीला होता गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ. मुंबईच्या हॉटेलांत ट्रंपेट वाजवून त्याने नाव कमावले होते आणि लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत. या चित्रपटातल्या एका गाण्यात तो आपला ताफा घेऊन पडद्यावरही आला आहे. त्या काळच्या मुंबईतल्या वाद्यवृंदांत गोवेकर भरपूर असत, त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सुरांची लिपी शिकवीत. आपल्याकडचा संगीतकार चाल गळ्यातून सांगे, गोवेकर ती कागदावर उतरवून कुठल्या वाद्याने काय वाजवायचे ते वाटून देई. गुरुमुखी विद्या आणि कागदी विद्या यांचे असे बिऱ्हाड एका खोलीत थाटले गेले.

आता गाणे ऐका. चितळकर आणि लता गातात. भोवती बाँगो, ट्रंपेट, क्लॅरिनेट. मी एक खटपट करून पाहिली. सगळी वाद्ये मनातून काढून टाकली आणि चाल नुसती गुणगुणली. ती उभी राहते. तिचे वळण आपल्या तोंडातले आहे, चौथीतली पोरे दोनदा ऐकून म्हणू शकतात. मग बाँगो परत आणला, तेव्हा कळले की तो नटवण्यासाठी आलेला नाही; तो पावले उचलायला लावतो. भगवानदादा तरी काय करतात? उड्या मारीत नाहीत. लहानलहान पावले आणि हातांचे सैल हेलकावे. ज्याला नाचता येत नाही त्यालाही हे जमते. म्हणून तर ते नृत्य गणपतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत शिरले. आणि याच चित्रपटात पिलूतली ती अंगाई आहे! स्वतःचे घर असे ठाऊक असलेल्या माणसालाच पाहुण्याला माजघरापर्यंत नेण्याचे धाडस होते.

सगळ्याच मिश्रणांना मी मान डोलावणार नाही. सहा वर्षांनंतरच्या ‘आशा’तले ‘इना मिना डिका’ त्यांचेच. किशोरकुमार त्यात धमाल उडवतात, मीही हसतो. पण तिथे ठेका मालक झाला आहे आणि चाल त्याच्या मागे धावते आहे. ते गाणे सहा महिने कानी पडले नाही तरी मला चुकल्यासारखे वाटत नाही. उलट 1970 च्या ‘घरकुल’मधले ‘पप्पा सांगा कुणाचे’ पाहा. तोंडवळा विलायती, पण मराठी घरांत ते असे रुळले की ते कुठून आले हे कुणी विचारीत नाही.

विसर्जनानंतर आठ दिवसांनी तो विद्यार्थी आपण होऊन घरी आला. मोबाइलवर त्याने मला एक ताफा ऐकवला, ‘ला चीवा गँटीवा’. बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात शिकायला गेलेल्या कोलंबियाच्या मुलांनी तो उभा केला. त्यात कुंबिया आहे, आफ्रिकेचा आफ्रोबीट आहे, रॉकही आहे. मला गोंगाटाखेरीज आधी काही कळेना. चौथ्या वेळी खालचा ढोल सापडला आणि माझा पाय हलू लागला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग मी कुंबियाची चौकशी केली. तो कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचा लोकनाच. ढोल गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे, लांब बासरी तिथल्या मूळ रहिवाशांची, भाषा आणि पोशाख स्पॅनिश. म्हणजे ज्याला ‘मूळ’ म्हणावे तेच तिघांच्या हातचे. बाँगोची कथाही तशीच. तो क्यूबाचा, पण त्याची पाळेमुळे आफ्रिकेत.

आमच्या गावाला हे नवल वाटू नये. कोयनेचे पाणी मूळचे कृष्णेचे. डोंगर पोखरून ते पश्चिमेला आणले, अलोऱ्याच्या वीजघरातून ते वाशिष्ठीला मिळते. वाशिष्ठीच्या काठी त्याला परके म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

तरी माझी एक हरकत शिल्लक आहे आणि ती मी त्याला सांगितली. जाखडीत, विशेषतः शक्ती-तुऱ्याचा सामना असला म्हणजे, शब्द मोठा. शाहिराने टाकलेला सवाल समोरच्याला कळला नाही तर जबाब कशाचा देणार? मृदंगाला हे ठाऊक आहे. सवाल आला की तो आवाज खाली घेतो. बाँगोला अजून ते कळलेले नाही.

“मग शिकवा,” तो म्हणाला.

मला कुठले शिकवता येते? मृदंग वाजवणाऱ्या म्हाताऱ्या बुवांना बोलावले. आता दिवाळीच्या सुट्टीत रोज संध्याकाळी आमच्या पडवीत दोघे बसतात. पहिल्या दिवशी बुवांनी बाँगो उलटापालटा करून पाहिला, “शाई नाही व्हय याला?” म्हणाले आणि बाजूला ठेवला. परवा मात्र त्यांनी स्वतःच त्यावर दोन बोटे वाजवून पाहिली. पोरगा अजून जोरात वाजवतो. काल सवालाच्या मधेच त्याची थाप पडली, तेव्हा बुवांनी मृदंग थांबवून त्याच्याकडे नुसते पाहिले, आणि त्याने तो सवाल पहिल्यापासून धरला.